कॅसिनोच्या ट्रिपमध्ये चांगली बिअर कशी गाठायची: नाशिककरांसाठी पहिल्या वारीचा मार्गदर्शक

"चला रे, एकदा कॅसिनो मारून येऊ," असं म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपात असतोच. दिवाळीचा बोनस, कुणाच्या तरी लग्नाआधीची पार्टी, मार्च एंडिंग संपल्याचा आनंद, निमित्त काहीही चालतं. त्याच ग्रुपात एखादा असाही असतो, ज्याला पत्त्यांचं फारसं काही नसतं, पण बिअर म्हणून पुढ्यात कुठलाही पिवळा, बर्फगार, स्ट्राँग प्रकार आला की त्याचं तोंड वाकडं होतं. हा लेख त्याच्यासाठी आहे. कॅसिनो पहिल्यांदाच बघणार आणि क्राफ्ट बिअरचं नुसतं नाव ऐकलेलं, अशा माणसाने ट्रिप कशी आखायची, कुठे काय प्यायचं आणि कशापासून लांब राहायचं, ते क्रमाने सांगतो.

सगळा बेत एकाच गोष्टीवर उभा करा: बिअर जमिनीवर, जुगार पाण्यावर. कॅसिनोच्या बोटीवर चांगली बिअर शोधण्याच्या फंदात पडू नका आणि चांगली बिअर रिचवून लगेच बोटीवर चढू नका. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आधी ठिकाण पक्कं करा

महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ साली राज्याने त्यासाठी कायदा केला होता खरा, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. त्यामुळे गंगापूर धरणाच्या बाजूला अमक्याच्या फार्महाऊसवर 'कॅसिनो नाइट' आहे, असं कुणी कानात सांगितलं तर तो सरळ जुगाराचा अड्डा समजा. धाड पडली की दुसऱ्या दिवशी पेपरात नावं येतात, आणि घरी ती पहिल्यांदा सासरेच वाचतात.

दुसरं नाव निघतं ते दमणचं. पेठ, कपराडा, वापी करत सकाळी निघालं की जेवायला दमण, दारू स्वस्त, रात्री परत. पण दमणला कॅसिनो नाही आणि बिअर मिळते ती नेहमीच्याच कंपन्यांची. वर वाटेत गुजरात लागतो. तिथे दारूबंदी आहे, म्हणजे डिकीत विसरलेली एक बाटलीसुद्धा महागात पडते. स्वस्त दारू एवढाच हेतू असेल तर गोष्ट वेगळी. आपला हेतू तो नाही.

उरलं गोवा. तिथल्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत मशीनवरच्या खेळांना वाट मिळाली. मग १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरच्या खेळांनाही परवानगी आली. म्हणूनच पणजीसमोर मांडवी नदीत डेल्टिन रोयाल, मॅजेस्टिक प्राइड, बिग डॅडी अशी जहाजं दिव्यांनी लखलखत उभी असतात. समोर माणूस पत्ते वाटतोय असा खेळ हवा असेल तर या जहाजांवरच जा.

वयाचं गणित जाण्याआधीच जुळवा. गोव्यात दारू १८ वर्षांनंतर चालते, पण कॅसिनोत २१ पूर्ण लागतात. आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५. ग्रुपात कुणाचा धाकटा भाऊ येत असेल तर तो बिअर पिऊ शकेल आणि बोटीवर मात्र चढू शकणार नाही, असा प्रसंग येतो. सगळ्यांनी मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा. आणखी एक गंमत: फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे म्हापशाचा तुमचा मित्र तुम्हाला उत्तम बिअर पाजेल, जेट्टीपर्यंत सोडायला येईल आणि तिथून टाटा करेल.

बिअरची तोंडओळख नाशिकमध्येच करून घ्या

नाशिककराला इथे एक आयता फायदा आहे. सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, त्यानंतर या शहरातल्या कितीतरी जणांनी कधी पाहुण्यांना घेऊन, कधी हौस म्हणून वाइन टेस्टिंग केलेलं असतं. पेला फिरवा, नाक आत घाला, मग छोटा घोट. तेव्हा हसू येतं, पण तीच सवय बिअरला जशीच्या तशी लावा. फरक इतकाच की बिअर थुंकायची नसते. तिचा कडूपणा घशाशी कळतो, म्हणून घोट गिळावाच लागतो.

क्राफ्ट बिअर म्हणजे छोट्या प्रमाणावर, चवीकडे लक्ष ठेवून बनवलेली बिअर. पाणी, मोड आणून भाजलेलं जव म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आणि यीस्ट, एवढाच मूळ मसाला. पुढचे सगळे प्रकार याच्याच कमी-जास्तातून होतात. सुरुवातीला चार प्रकार ओळखता आले तरी पुरे.

नवख्याने गव्हाच्या बिअरपासून सुरू करावं. ती जर्मन पद्धतीची असेल, म्हणजे हेफेवाइत्सन, तर पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं किंवा लवंग घातलेली नसते, हा सगळा यीस्टचा पराक्रम. बेल्जियन पद्धतीची असेल, म्हणजे विटबिअर, तर तिच्यात संत्र्याची साल आणि धणे खरोखर घातलेले असतात. दोन्ही गढूळ दिसतात आणि तशाच असायला हव्यात. "ही खराब झालीय, बदलून द्या" असं वेटरला सांगून आपलं हसं करून घेऊ नका.

लेगर म्हणजे आपण कायम पितो त्या बिअरचं घराणं, पण नीट बनवलेली लेगर काय असते ते एकदा बघाच. तिच्यात लपायला जागा नसते, त्यामुळे बनवणाऱ्याचा हात लगेच कळतो. आयपीए (इंडिया पेल एल) म्हणजे हॉप्सचा मारा: कडू, पण नाकाला आंबा, लिंबू, कधी पाइनच्या झाडाचा वास. कारलं मिटक्या मारत खाणाऱ्यांना ती पहिल्या घोटात आवडते, बाकीच्यांना दुसऱ्या ट्रिपमध्ये. स्टाउट काळी असते. तिच्यात खूप भाजलेल्या जवाची कॉफी-चॉकलेटसारखी चव असते, आणि रंग गडद म्हणून ती कडक असलीच पाहिजे असं मुळीच नाही.

कडकपणाचं गणित मात्र तोंडपाठ हवं, कारण ट्रिप बिघडते ती तिथे. ३३० मिलीच्या ५ टक्क्यांच्या कॅनमध्ये साधारण साडेसोळा मिली अल्कोहोल असतं. ३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये सुमारे तेरा. आणि ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत बावन्न मिली, म्हणजे चार पेग. "मी फक्त बिअरच घेतो" असं म्हणत दोन स्ट्राँग संपवणारा माणूस आठ पेग घेऊन बसलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. चांगल्या गव्हाच्या बिअरी बहुतेक ५ टक्क्यांच्या आसपास असतात. बेल्जियन ट्रिपेलसारखे प्रकार मात्र ८-९ टक्क्यांना जातात आणि गोडसर असल्यामुळे कळून येत नाहीत. कॅनवरचा आकडा आधी वाचा, मग चव घ्या.

जाता जाता: बिअर नसली तरी जिभेला वळण लावायला नाशिकमध्येच मधापासून मीड बनवणारी सेराना मीड्स आहे. आंबवलेल्या पेयात फळं, मसाले कसे बोलतात हे तिथे चांगलं कळतं.

जायचं कसं

रेल्वेने जायचं तर नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस थेट मडगावला सोडते. मनमाडहून गोवा एक्स्प्रेसही आहे, ती पुणे-मिरज-लोंढा मार्गाने जाते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, जून ते ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर तिकिटावरची वेळ नीट बघा. गाडीत बरोबर चिवडा असू द्या, बिअर नको. रेल्वेत दारू पिणं गुन्हा आहे आणि वरच्या बर्थवरून डोकावणारे काका तक्रार करतातच. मडगावहून पणजीला कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, नॉनस्टॉप बस मिळते. टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्यापेक्षा ती बरी. ओझरच्या विमानांचं वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी तिकीट शोधा.

गाडीने जायचं तर सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत पुणे, मग सातारा, कोल्हापूर, आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा. एकूण साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. बिअरच्या दृष्टीने हाच मार्ग सगळ्यात भारी, कारण मध्ये पुणं आहे. २००९ मध्ये डूलालीने तिथे मायक्रोब्रुअरी (जिथे बिअर बनते तिथेच ती पाजणारी जागा) काढली, पुढे मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, मग एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी रांगच लागली. महाराष्ट्रातली क्राफ्ट बिअरची खरी शाळा पुण्यातच आहे, हे नाशिककराने मोठ्या मनाने मान्य करावं. (मिसळीच्या बाबतीत मात्र एक इंचही मागे हटू नये.)

म्हणून गाडीने निघालात तर पहिला मुक्काम पुण्यात करा. संध्याकाळी एका मायक्रोब्रुअरीत बसा आणि सॅम्पलर मागवा. त्यात चार-पाच प्रकार छोट्या ग्लासांत ओळीने येतात. फिक्यापासून गडदकडे जा, आयपीए शेवटी ठेवा, नाहीतर तिच्या कडूपणापुढे बाकीच्या पाणचट लागतात. कुठला प्रकार आवडला ते मोबाइलवर लिहून ठेवा. गोव्यात दुकानाच्या फ्रिजसमोर उभं राहिल्यावर तीच यादी कामाला येते. आणि रात्री गाडी कुणीही चालवायची नाही. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

दिवसांची मांडणी

गोव्यात तीन रात्री असतील तर पहिली संध्याकाळ बिअरची, दुसरी कॅसिनोची, तिसरी पुन्हा बिअरची किंवा नुसती झोपेची. दोनच असतील तर आधी बिअर, मग कॅसिनो. उलटं केलंत की दुसऱ्या दिवशी निम्मा ग्रुप दुपारी दोनला उठतो आणि उरलेला निम्मा हरलेल्या पैशांची कीर्तनं लावून बसतो. त्यात कुणाला बिअरची चव कळायची?

शुक्रवार ते रविवार कॅसिनोचे प्रवेशदर चढे असतात, मधल्या वारी कमी. म्हणजे कॅसिनो मंगळवार-बुधवारात बसवता आला तर उत्तम. टॅपवरच्या, म्हणजे नळातून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरचं मात्र उलटं आहे. गर्दीच्या दिवशी केग, म्हणजे बिअरचं पिंप, भराभर संपतो, बिअर ताजी मिळते. सोमवारी दुपारी रिकाम्या बारमध्ये पहिला ग्लास तुम्हालाच मिळाला, तर तो रात्रभर पाइपमध्ये पडून राहिलेल्या बिअरचाही असू शकतो.

२ ऑक्टोबर, निवडणुका आणि मतमोजणी यांच्या आसपास ड्राय डे बघून घ्या. पुण्यात थांबणार असाल तर आषाढी-कार्तिकीही बघा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचे शॅक बंद असतात, पण मांडवीतली जहाजं चालू असतात. पावसाळ्यात गेलात तर समुद्रकाठी बसून बिअर पिण्याचं चित्र डोक्यातून काढा आणि पणजी शहरातच तळ ठोका.

गोव्यात बिअर शोधताना

आता मुख्य काम. गोव्यात बिअर सगळीकडे आहे, म्हणूनच चांगली बिअर शोधावी लागते. बहुतेक बारमध्ये "कोणती बिअर आहे?" असं विचारलं की जी तीन-चार नावं एका दमात येतात, ती नाशिकच्या बिअर शॉपीतही मिळतात. किंग्ज हे गोव्याचं जुनं नाव, छोटी बाटली, उन्हात छान लागते. एक घ्यायला हरकत नाही, पण ती क्राफ्ट नव्हे.

नावं घेऊनच विचारा. गोवा ब्रुइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' ही आयपीए आहे. हणजुण्यातल्या हिप्पी काळातल्या एका गाजलेल्या माणसाचं नाव तिला दिलंय. डिचोली तालुक्यातलं लाटंबार्से नावाचं गाव आहे, त्याच नावाच्या ब्रुअरीची 'माका दी' मिळते. कोकणीत 'मला दे'. दुकानात उभं राहून "माका दी" म्हटलं की दोन्ही अर्थाने काम होतं. तिची हनी एल (मधाची बिअर) नवख्यांना सोपी जाते, बेल्जियन ब्लांश ही वर सांगितलेल्या धणे-संत्रीवाल्या घराण्यातली, आणि ट्रिपेल जरा जपून. बेंगळुरूच्या आर्बर ब्रुइंग कंपनीची 'बीच शॅक' आयपीएही गोव्यात दिसते. या तीन नावांपैकी एकही ज्या बारमध्ये नाही, तिथे मासे खा आणि बिअरसाठी पुढे चला.

बारपेक्षा मोठी वाइन शॉप आणि सुपरमार्केट जास्त कामाची. गोव्यात किराण्याच्या शेजारच्या रांगेतही दारू असते, नाशिकहून गेलेल्या माणसाला हे बघून क्षणभर चुकल्यासारखं होतं. तिथे कॅन हातात घेऊन उलटा करा. तळाशी किंवा बाजूला पॅकिंगची तारीख असते. आयपीए तीन महिन्यांच्या आतली घ्या. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो आणि मागे नुसता कडूपणा राहतो. स्टाउट आणि ट्रिपेल जुन्या असल्या तरी धकतात. कॅन फ्रिजमधलाच मागा. बाहेर रचलेल्या खोक्यातला, गोव्याच्या मे महिन्यात तापलेला कॅन नंतर कितीही थंड केला तरी गेलेली चव परत येत नाही. हिरव्या किंवा पारदर्शक बाटल्या उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या असतील तर टाळा. प्रकाशाने हॉप्स बिघडतात आणि बिअरला उग्र, घाणेरडा वास येतो.

टॅपवरची बिअर दुधासारखी असते, ताजी असेपर्यंतच तिची मजा. बसण्याआधी सरळ विचारा:

"दादा, टॅपवर काय काय आहे? आणि हा केग कधी लावलाय?"

तो "आज सकाळी" किंवा "काल रात्री" म्हणाला तर बसा. "सगळं फ्रेश आहे साहेब" हे उत्तर नव्हे. तरीही मोह होत असेल तर आधी घोटभर चाखायला मागा. चांगल्या ठिकाणी नाही म्हणत नाहीत. त्या घोटात लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला, तर बिअर पुरती तयार होऊ दिलेली नाही किंवा पाइप धुतलेले नाहीत. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर पाइप बहुतेक घाण. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी, हवा लागलेली. ग्लासकडेही बघा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात, आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एक कडी मागे राहते.

मग ग्लास समोर आला की जरा थांबा. आपल्याकडे बिअर जितकी गार तितकी चांगली अशी समजूत आहे. बर्फगार बिअरची चव जिभेला लागतच नाही. साध्या स्ट्राँग बिअरला ते सोयीचं असतं, कारण चव लपवायचीच असते. गव्हाची बिअर किंवा आयपीए साधारण ७ ते १० अंशांवर खुलते. फ्रिजमधून काढल्यावर पाच-सात मिनिटं गप्पा मारा, मग पहिला घोट. ग्लासात बर्फ मागणाऱ्या मित्राला मागू द्या, ट्रिप मोठी असते.

कॅन घेऊन किनाऱ्यावर बसायचा विचार करत असाल तर तो सोडा. २०१९ पासून गोव्यात पर्यटनस्थळांवर उघड्यावर दारू पिण्यावर बंदी आहे, सापडलात तर दंड होतो. हॉटेलच्या बाल्कनीत बसा, तिथे फ्रिजही असतो.

बरोबर काय खायचं

या बाबतीत गोवा पुण्याला सहज मात देतो. रवा लावून तळलेला इसवण, म्हणजे आपली सुरमई, आणि बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर: लिंबू पिळायचं काम बिअरच करते. चिकन काफ्रियालच्या हिरव्या मसाल्यासमोर आयपीए उभी राहते, पण तिखट आणि कडू एकमेकांना चढवतात, म्हणून पोटात आधी काही असू द्या. चोरीस म्हणजे गोव्याचं मसालेदार सॉसेज; चोरीस-पावाच्या तेलकट, आंबट-तिखट चवीला लेगर धुऊन काढते. शेवटी बेबिंका, म्हणजे गोव्याची थराथरांची मिठाई, आणि स्टाउट मागवा. गोडावर गोड होईल अशी भीती वाटते, पण भाजलेल्या जवाचा कडवटपणा बेबिंकाच्या करपट थराशी असा जुळतो की टेबलावर एक मिनिट कुणी बोलत नाही. स्टाउट न मिळाल्यास कडक कॉफी घ्या. शाकाहारी मंडळींनी गोव्यात उपाशी राहायचं कारण नाही, मशरूम शागोती आणि पाव यांच्याबरोबर हनी एल छान जाते.

बोटीवर

कॅसिनोच्या दिवशी दुपारी भरपेट जेवा आणि बिअर घेऊ नका. फार तर एक, तीही चारच्या आत. पुरुषांना हाफ पँट आणि चपलेवर बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. पँट, बूट, ओळखपत्र. जेट्टीवरच्या काउंटरवर पॅकेज घ्यायचं आणि छोट्या फेरीने जहाजावर जायचं.

पॅकेजमध्ये बहुतेक वेळा प्रवेश, बुफे, ठरावीक ब्रँडची अमर्याद दारू आणि काही चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, असतात. त्या चिप्स फक्त खेळायला, रोख करून मिळत नाहीत. बिअर असते ती साधी लेगर. "फुकट आहे" म्हणून आपला हात तिकडे वळतो. ती फुकट का आहे ते आकड्यांत बघा. एका शून्याच्या रूलेत (आकड्यांच्या फिरत्या चाकाचा खेळ) घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा २.७० टक्के असतो, दोन शून्यं असतील तर ५.२६. पाचशे रुपयांचा डाव चाळीस वेळा लावलात तर वीस हजार फिरले आणि सरासरी पाचशे चाळीस रुपये घराने ठेवले. शुद्धीत, ठरवून खेळणाऱ्याचा हा हिशेब. तीन ग्लासांनंतर पाचशेचा डाव दोन हजारांचा होतो आणि चाळीस फिरक्यांना तेच घर दोन हजारांच्या वर घेऊन जातं. त्या फरकात पणजीतल्या चांगल्या बारमध्ये सगळ्या टेबलाची बिअर झाली असती.

म्हणून बोटीवर सोडा, लिंबू आणि पाणी. फारच वाटलं तर एक ग्लास, तोही खेळ संपवून डेकवर. तिथून पणजीचे दिवे छान दिसतात आणि हातात काय आहे याने फरक पडत नाही.

खेळायचंच तर आधी अर्धा तास नुसतं बघा. बकारा या पत्त्यांच्या खेळात बँकर, प्लेअर किंवा टाय (बरोबरी) यावर पैसे लावतात; बँकरवर घराचा वाटा १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४, पण टायवर चौदाच्या वर. टायकडे बोट दाखवणारा शेजारी कितीही खात्रीने बोलला तरी ऐकू नका. चिप्स घेण्याआधी काउंटरवर कराचं विचारा. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे आणि तो चिप्ससाठी दिलेल्या रकमेवर लागतो. दहा हजार दिल्यावर हातात नक्की किती रुपयांच्या चिप्स येतात, हे ऐकूनच पैसे मोजा. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. खेळायचे पैसे रोख, वेगळ्या पाकिटात. एटीएम कार्ड हॉटेलच्या लॉकरमध्ये राहू द्या, किंवा ग्रुपातल्या त्या एका माणसाकडे, ज्याच्याकडे पैसे मागायची सगळ्यांनाच लाज वाटते.

कुणाचा हात थांबतच नसेल, घरी आल्यावरही मोबाइलवर खेळ चालू राहत असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

परतीची बॅग

गोव्यात सहा-आठ कॅन आवडीने घेतले आणि बॅगेत भरून निघालो, असं करू नका. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खात्याची माणसं गाड्या तपासतात. रात्रीची स्लीपर असली तरी थांबवतात, आणि "आमच्या घरच्यापुरतीच आहे" हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलेलं असतं. विमान कंपनीने सामानात बाटली चालते म्हटलं तरी राज्याचा नियम तोच राहतो. जे आवडलं ते तिथेच प्या, आणि कॅनचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

आणायचंच असेल तर काजू, बेबिंका आणि चोरीस आणा. चोरीस तीन पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर मंगला एक्स्प्रेसच्या अख्ख्या डब्याला पनवेलपर्यंत वास येतो. पुढे नाशिकमध्ये तेच फोटो घेऊन मोठ्या बिअर शॉपीत जा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बघा. क्राफ्टचे कॅन बहुतेक तिथेच, स्ट्राँगच्या रांगेमागे ठेवलेले असतात. तारीख वाचा, जुनी असेल तर दुकानदाराला सांगा की ताजी आली की कळव. दोन-चार गिऱ्हाइकांनी असं सांगितलं की तो मागवायला लागतो.